डुगडुग, खडखड आणि झीज : जुन्या गिअरच्या सायकलीची तपासणी

अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांतील घरोघरी, जिन्याखालच्या अंधारात किंवा गच्चीवरील पत्र्याच्या आडोशाला, मुलगा दहावी उत्तीर्ण झाला त्या वर्षी मोठ्या हौसेने घेतलेली आणि तो पुण्याला शिकावयास गेल्यानंतर हळूहळू विस्मृतीत गेलेली, रुंद टायरांची एखादी गिअरची सायकल हटकून आढळते. प्रकृतीच्या, पेट्रोलच्या किंवा निव्वळ हौसेच्या निमित्ताने अशा सायकली अलीकडे पुन्हा उजेडात येऊ लागल्या आहेत. वडाळी तलावापर्यंतची सकाळची फेरी अंगवळणी पडली म्हणजे मालकाला चिखलदऱ्याचा घाट खुणावू लागतो, आणि नेमक्या त्याच सुमारास चढावर चेन उडी मारते, उतारावर मागचे चाक डुलते. सायकल दुकानात जाते; मिस्त्री पायंडल एकवार उलटे फिरवून पाहतो आणि "सारंच बदलून टाका न भाऊ, कटकट मिटते," असा फैसला देऊन मोकळा होतो.

हा फैसला प्रत्येक वेळी चुकीचाच असतो असे नव्हे; परंतु तो शहानिशा न करता दिलेला असतो, आणि जुन्या सायकलीच्या बाबतीत ज्या जागी दोष दृष्टीस पडतो त्याच जागी त्याचे मूळ असते असे मुळीच नाही. हँडल थरथरते म्हणून हेडसेट बदलावा, तर अपराध पुढच्या हबातील सैल कोनाचा निघतो; गिअर नीट पडत नाहीत म्हणून नवा डिरेलर बसवावा, तर वाकलेला हँगर किंवा गंजलेली केबल तशीच राहून पूर्वीची तक्रार नव्या भागावर चालू राहते. यास्तव आधी दोष विलग करावा, मग तो मोजावा, आणि सुटा भाग बदलण्याचा विचार सरतेशेवटी करावा, हा क्रम कटाक्षाने पाळणे हीच जुन्या सायकलीच्या दुरुस्तीतील खरी काटकसर होय. पुढील मजकूर म्हणजे या क्रमाचाच तपशील आहे.

वऱ्हाडची माती

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, तमालपाईस डोंगराच्या उतारांवरून हौशी तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली खाली सोडीत असत. त्या खेळातून माउंटन बाइक हा प्रकार उदयास आला, आणि पुढे आपल्या देशातील कारखान्यांनी त्याचे स्वस्त, बाळबोध रूप बाजारात आणले. पण तिथल्या कोरड्या, खडकाळ वाटा आणि पूर्णेच्या खोऱ्यातील कपाशीची काळी जमीन यांत महदंतर आहे. आपली माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली म्हणजे भेगाळते; पावसाळ्यात पांदणीतून सायकल घातली, तर टायर आणि चिमटा यांच्या मधल्या जागेत असा लगदा साचतो की चाक फिरेनासे होते, आणि अशा वेळी उतरून माती काढण्याऐवजी जो इरेस पेटून पायंडल मारतो, त्याच्या सायकलीचा मागचा डिरेलर ओढला जाऊन हँगर वाकतो.

उन्हाळ्यातील हानी याहून मूक, परंतु अधिक व्यापक असते. पारा ४५ अंशांपलीकडे गेला म्हणजे चेनीवरचे तेल पातळ होऊन ओघळते, त्यावर मुरमाची बारीक धूळ बसते, आणि मग ते मिश्रण वंगणाचे काम सोडून कानसेचे काम करू लागते. मोटारीच्या इंजिनातून काढलेले जळके तेल चेनीला चोपडण्याची जी प्रथा आपल्याकडे आहे, ती या कारणास्तव त्याज्य समजावी. त्या तेलात धातूचे कण आधीच मिसळलेले असतात. जिनिंगच्या परिसरातून रोज ये-जा करणाऱ्यांनी डिरेलरच्या दोन लहान पुल्याही पाहाव्यात. कापसाचे तंतू त्यांच्या आसाभोवती पीळ घालून बसतात आणि पुली फिरण्याऐवजी घासत राहते.

तपासणीची तयारी

तपासणीस लागणारे साहित्य फारसे नाही : इंचाच्या खुणा असलेली पोलादी पट्टी, नेहमीचे पाने, कोनासाठी पातळ पाने, एलन पान्यांचा संच, जाड सुती दोरा, ब्रश, फडकी, आणि थोडे रॉकेल किंवा डिझेल. सायकल उलटी उभी करण्याऐवजी बैठकीच्या नळीत दोर अडकवून ती आडव्या वाशाला अशी टांगावी की दोन्ही चाके अधांतरी राहतील. प्रथम चेन, फ्रीव्हील आणि चेनव्हील यांवरचा काळा थर पूर्णपणे काढावा. मळलेल्या यंत्राची तपासणी म्हणजे बुरख्याआडच्या साक्षीदाराची जबानी. मात्र धुताना पाण्याची जोरदार धार हब, हेडसेट किंवा बॉटम ब्रॅकेट यांवर धरू नये. आतील ग्रीस धुऊन निघते आणि आठवडाभराने छर्रे करकरू लागतात.

स्वच्छतेनंतर पहिली नजर फ्रेमवर टाकावी. हँडलखालच्या नळीला पुढच्या दोन नळ्या जिथे जोडल्या आहेत त्या सांध्याची खालची बाजू, बॉटम ब्रॅकेटजवळचे मागील नळ्यांचे सांधे, बैठकीच्या नळीचे तोंड आणि मागच्या एक्सलच्या खाचा, या ठिकाणी रंगावर केसासारखी रेघ व तिच्या कडेने तांबूस गंज दिसला, तर उर्वरित तपासणी तहकूब ठेवून आधी ती रेघ रंगापुरती आहे की धातूपर्यंत गेली आहे याची खातरजमा करावी. फ्रेम तडकली असेल तर तिच्यावर नवे भाग चढविणे हा पैशाचा आणि जिवाचाही अपव्यय आहे.

फ्रेम तडकलेली नसली तरी वाकडी असू शकते. त्यासाठी मागच्या उजव्या खाचेपासून निघून हँडलखालच्या नळीला वळसा घालून डाव्या खाचेपर्यंत येणारा दोरा घट्ट ताणून बांधावा, आणि बैठकीच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचे अंतर पट्टीने मोजावे. ही अंतरे सारखी भरली तर फ्रेम सरळ आहे. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक दुर्लक्ष करण्याजोगा समजावा, परंतु तो त्याहून बराच अधिक असल्यास चाके कितीही नीट केली तरी सायकल एका अंगाला ओढत राहील.

आवाजाचा ताल

आता सायकल सपाट, निर्मनुष्य रस्त्यावर न्यावी, आणि आवाज कसा येतो यापेक्षा तो केव्हा येतो याकडे लक्ष द्यावे. पायंडल मारणे थांबवून सायकल नुसती वाहू दिली असता आवाज चालूच राहिला, तर दोष चाकांत, ब्रेकात किंवा टायरात आहे. तो थांबला, तर पायंडल, क्रँक, बॉटम ब्रॅकेट, चेन आणि फ्रीव्हील यांपैकी कोणी तरी त्यास जबाबदार आहे. त्यानंतर बैठकीवरून उठून, उभ्याने पायंडल मारून पाहावे. आवाज नाहीसा झाला तर तो बैठकीचा किंवा तिच्या दांड्याचा होता, आणि अशा किरकिरीपायी बॉटम ब्रॅकेट बदलून घेणारे महाभाग थोडे नाहीत.

याहून सूक्ष्म निर्णय साध्या अंकगणिताने होतो. समजा, पुढे ४२ दात्यांचे चेनव्हील आहे, मागे २१ दात्यांच्या चक्रावर चेन चढविली आहे आणि चेन ११२ कड्यांची आहे. पायंडलाच्या एका फेऱ्यात चेनीच्या ४२ कड्या सरकतात, मागचे चाक बरोबर दोन फेरे घेते, आणि संपूर्ण चेनीला एक प्रदक्षिणा घालण्यास पायंडलाचे सुमारे पावणेतीन फेरे लागतात. म्हणजे 'टक्' असा आवाज पायंडलाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येत असेल तर क्रँक, पायंडल, बॉटम ब्रॅकेट किंवा चेनव्हीलचा एखादा वाकलेला दाता यांची झडती घ्यावी. फेऱ्याला दोनदा येत असेल तर मागच्या चाकाकडे वळावे. आणि तो अडीच-पावणेतीन फेऱ्यांनी एकदा येत असेल, तर चेनीतील एखादी कडी ताठरली आहे असे खुशाल समजावे. अशी कडी शोधण्यासाठी पायंडल हळूहळू उलटे फिरवून डिरेलरच्या खालच्या पुलीकडे पाहावे. ताठरलेली कडी पुलीवरून जाताना सरळ होत नाही आणि डिरेलरचा बाहू किंचित उडी घेतो. ती कडी दोन्ही हातांत धरून आडवी, डावी-उजवीकडे हलकेच वाकविली म्हणजे बहुधा मोकळी होते.

डुगडुग कुठली?

सायकल डुलते या एका तक्रारीच्या पोटात निदान चार निरनिराळ्या तक्रारी असतात, आणि त्यांची परस्परांत गल्लत झाली की दुरुस्ती भरकटते.

पहिली तपासणी हँडलची. पुढचा ब्रेक घट्ट दाबून, दुसऱ्या हाताचे एक बोट हेडसेटच्या वरच्या कप आणि नळी यांच्या सांध्यावर ठेवून सायकल मागेपुढे हलवावी. बोटाला खटका जाणवला तर हेडसेट सैल आहे. खटका खाली, सस्पेन्शनच्या नळ्यांत जाणवला, तर हेडसेट निर्दोष असून चिमट्याच्या आतील बुश झिजले आहेत. यानंतर पुढचे चाक अधांतरी धरून हँडल सावकाश फिरवावे. ते बरोबर मध्यावर येताच खोबणीत बसल्याप्रमाणे अडकत असेल, तर छर्ऱ्यांनी कपमध्ये खड्डे पाडले आहेत आणि घट्ट करण्याने ते बुजणार नाहीत.

दुसरी तपासणी चाकांची. चाकाची रिंग ब्रेकच्या रबरांजवळ चिमटीत धरून आडवी हलवावी. रिंग कुठल्याही ठिकाणी धरली तरी सारखाच खटका येत असेल, तर तो हबातील प्ले समजावा. खटका नसेल, पण चाक फिरविले असता रिंग रबराजवळ येते व दूर जाते असे दिसत असेल, तर चाक आऊट झाले आहे. रिंग सरळ फिरते आणि नुसता टायरच लहरतो, असे दिसल्यास टायर रिंगेत नीट बसलेला नाही किंवा त्याचे कापड आतून फाटले आहे. असा टायर उन्हात फुटण्यापूर्वी बदलणे इष्ट. आऊट काढण्यास बसण्याआधी सर्व तारा बोटाने छेडून पाहाव्यात. मागच्या चाकाच्या उजव्या तारा डाव्यांहून अधिक ताणलेल्या असणे स्वाभाविक आहे, कारण फ्रीव्हीलला जागा देण्यासाठी ती बाजू उभट ठेवावी लागते. परंतु एकाच बाजूच्या तारांपैकी एखादी भसाड्या आवाजाची निघाली, तर ती सैल आहे किंवा हबाच्या कानाशी तडकली आहे. टायरच्या बाजूने हबाकडे पाहत निपल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविली म्हणजे तार ताणली जाते. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आणि प्रत्येक वेळी चाक फिरवून पाहावे.

मागच्या हबाविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण आपल्याकडील जुन्या गिअरच्या सायकलींचे हे खरे मर्मस्थान. या सायकलींत फ्रीव्हील हबावर आट्यांनी बसविलेले असते. त्यामुळे उजवीकडचे छर्रे हबाच्या आत राहतात, आणि तिथून खाचेपर्यंतचा एक्सलचा बराच भाग निराधार असतो. जड बसणारा, खड्ड्यांचा रस्ता आणि सहा-सात चक्रांचे रुंद फ्रीव्हील या त्रयीने तो भाग वाकतो. कोन घट्ट केला तर चाक जड फिरते, किंचित सैल केला तर लगेच खटका येतो, आणि मधली जागा काही केल्या सापडत नाही, ही वाकलेल्या एक्सलची पक्की खूण. चाक काढून एक्सल बोटांनी फिरवावा. त्याची टोके जागच्या जागी न फिरता लहानसे वर्तुळ काढू लागली, तर एक्सल बाहेर काढून काचेवर लोळवून पाहावा म्हणजे उरलासुरला संशय फिटतो. वाकलेला एक्सल ठोकून सरळ करण्याच्या भरीस पडू नये. नवा आणताना जुना बरोबर न्यावा; काहींचे आटे ३/८ इंचाच्या मापाचे, तर काहींचे १० मिलिमीटरच्या मापाचे असतात आणि ते नुसत्या नजरेला सारखेच भासतात. हब उघडलाच आहे तर कोनाच्या गुळगुळीत पट्ट्यावर बारीक खड्डे पडले आहेत का ते पाहावे, आणि छर्रे सगळेच्या सगळे एकदम बदलावेत. मागच्या हबात सामान्यतः पाव इंची छर्रे दर बाजूस ९ असतात.

तिसरी तपासणी बॉटम ब्रॅकेटची. पायंडलाला हात न लावता दोन्ही क्रँकच धरावेत, कारण पायंडलाचा स्वतःचा प्ले येथे दिशाभूल करतो. मग ते फ्रेमकडे व फ्रेमपासून दूर असे हलवावेत. दोन्ही क्रँक एकदम हलले तर बॉटम ब्रॅकेटचे छर्रे किंवा कप झिजले आहेत. एकच हलला तर तो क्रँक एक्सलवर सैल झाला आहे. सैल क्रँकवर, विशेषतः डाव्या, सायकल चालवीत राहण्याइतका महागडा आळस दुसरा नाही : ॲल्युमिनियमच्या क्रँकमधील चौकोनी भोक पोलादी एक्सलवर चेपून गोलसर होते, आणि एकदा ते बिघडले की कितीही आवळले तरी पन्नास-शंभर किलोमीटरनंतर क्रँक पुन्हा सैल पडतो. चेनव्हील डुलत असेल आणि क्रँक मात्र सरळ फिरत असतील, तर चेनव्हीलचे पानच वाकले आहे. ते मोठ्या स्लाइड पान्याने हलक्या हाताने सरळ करता येते.

चौथी तपासणी फ्रीव्हीलची, आणि येथे घाबरण्याचे कारण सर्वांत कमी. चाक वाहत असताना पाठीमागून पाहिले तर फ्रीव्हील किंचित डुलताना दिसते. आट्यांच्या फ्रीव्हीलमध्ये इतपत दोष नव्या सायकलीतही असतो आणि त्याने गिअर बिघडत नाहीत. मात्र फ्रीव्हील हाताने धरून हलविता आतून खडखडत असेल, किंवा पायंडल कधी कधी जोर न घेता एकदम पुढे निसटत असेल, तर आतील छर्रे किंवा खटके झिजले आहेत. खटके जुन्या, घट्ट झालेल्या ग्रीसमुळे नुसतेच चिकटले असल्यास पातळ तेलाने ते पुन्हा बोलू लागतात. त्यानेही गुण आला नाही तर फ्रीव्हील बदलण्यास पर्याय नाही.

झीज मोजण्याची रीत

"चेन ताणली" असे आपण म्हणतो खरे, परंतु चेनीच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. हान्स रेनोल्ड याने १८८० मध्ये बुश आणि रोलर असलेली जी चेन प्रचारात आणली, तिच्याच वंशातील आपली चेन असून, तिच्या दोन पिनांमधील अंतर नवेपणी बरोबर अर्धा इंच असते. प्रत्येक सांध्यातील पिन आपल्या वेटोळ्यात घासून बारीक होते, आणि त्या सूक्ष्म पोकळ्यांची बेरीज होऊन संपूर्ण चेन लांबते.

म्हणून पट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवावे, पायंडलावर थोडा जोर देऊन चेन ताठ करावी, आणि २४ अंतरे मोजून तिथल्या पिनेकडे पाहावे. नव्या चेनीत ती बरोबर १२ इंचांवर येते. ती अर्धे सूत, म्हणजे १/१६ इंच, पुढे गेली असेल तर चेन बदलण्याची मुदत भरली असे समजावे. याचा अर्थ दर सांध्यामागे झीज जेमतेम सहा-सात शतांश मिलिमीटर झालेली असते, आणि फ्रीव्हीलचे दाते बहुधा अजून शाबूत असतात. पिन पुरे एक सूत, म्हणजे १/८ इंच, पुढे गेली असेल तर लांबलेल्या चेनीने फ्रीव्हीलचे दातेही आपल्या मापाने घडवून घेतले आहेत. अशा फ्रीव्हीलवर नवी चेन घातली की ती जोर येताच उडी मारते. वेळीच बदललेली चेन फ्रीव्हील वाचविते आणि उशिरा बदललेली चेन फ्रीव्हीलसह जाते, हा सारा हिशेब या अर्ध्या सुताच्या फरकात सामावलेला आहे.

दात्यांची पाहणी करताना एक सावधगिरी बाळगावी. गिअरच्या सायकलीतील काही दाते कारखान्यातच आखूड किंवा तिरके कापलेले असतात, जेणेकरून चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सहज चढावी. ते पाहून झीज झाली असा ग्रह करून घेऊ नये. खरी झीज दात्याच्या जोर घेणाऱ्या बाजूवर दिसते : तिथली खोबण लांबट होते आणि दाता आकड्यासारखा एका अंगाला झुकतो. नेहमीच्या वापरातील चक्राची तुलना क्वचित वापरल्या जाणाऱ्या चक्राशी केली म्हणजे फरक तत्काळ ध्यानात येतो. चढावर पुढच्या लहान चेनव्हीलवर असताना चेन खालच्या बाजूने न सुटता वर ओढली जाऊन फ्रेमला अडकत असेल, तर त्या चेनव्हीलचे दाते आकड्यासारखे झाले आहेत, आणि दोष डिरेलरचा नाही.

डिरेलरकडे शेवटी यावे. पाठीमागून पाहता दोन्ही पुल्या वरच्या चक्राच्या समरेषेत उभ्या दिसल्या पाहिजेत. खालची पुली चाकाकडे झुकलेली असेल तर हँगर वाकला आहे, आणि अशा स्थितीत सर्वांत मोठ्या चक्रावर चेन चढविल्यास डिरेलर तारांत शिरून क्षणार्धात दोहोंचा चुराडा होतो. वरची पुली आडवी किंचित हलते, हा मात्र बिघाड नव्हे. गिअर आपोआप जुळून यावेत म्हणून पुष्कळ डिरेलरांत ती तशी मुद्दाम ठेवलेली असते.

दुरुस्तीचा क्रम आणि दुकानातील व्यवहार

तपासणी संपल्यावर दोषांची यादी करावी, आणि खर्चाचा क्रम असा लावावा : प्रथम ब्रेक व तडे, नंतर सर्व प्रकारचा प्ले, नंतर चाकांचा आऊट, त्यानंतर चेन व फ्रीव्हील, आणि गिअरची जुळवणी सर्वांत शेवटी. एक्सल वाकलेला असताना केलेली गिअरची जुळवणी दुसऱ्या दिवशी टिकत नाही, म्हणून हा क्रम उलटा करू नये.

चेन मागताना सहा, सात किंवा आठ गिअरांची, ३/३२ इंच रुंदीची, असे स्पष्ट सांगावे. साध्या सायकलीची १/८ इंची चेन स्वस्त पडते, परंतु ती डिरेलरमधून नीट चालत नाही. नवी चेन जुनीच्या शेजारी टांगून तोडण्याची रीत दुकानांत दिसते, ती टाळावी. ११२ कड्यांची, ५६ इंची चेन एका शतांशाने लांबली असेल, तर ती अर्ध्या इंचाहून अधिक वाढलेली असते आणि त्या मापाने तोडलेली नवी चेन एका कडीने लांब राहते. यास्तव जुन्या चेनीच्या कड्या मोजाव्यात आणि तितक्याच ठेवाव्यात. फ्रीव्हील छिन्नी-हातोड्याने न काढता त्याच्या खाचांत बसणाऱ्या हत्यारानेच काढण्याचा आग्रह धरावा. डाव्या पायंडलाचे आणि नेहमीच्या बॉटम ब्रॅकेटच्या उजव्या कपाचे आटे उलटे असतात, ही गोष्ट स्वतः पाना हाती घेणाऱ्याने विसरू नये.

चेन आणि फ्रीव्हील दोन्ही झिजलेली असून चेन अद्याप उडी मारीत नसेल, आणि सायकलीचा उपयोग बाजारहाट व सकाळची फेरी एवढाच असेल, तर दोघांनाही तसेच चालू द्यावे. ती एकमेकांना सरावलेली असतात. नुसता प्ले काढला तरी अशी सायकल आणखी एक-दोन हंगाम निमूटपणे काम देते. पण घाट चढावयाचा असेल, तर उभ्याने जोर देताना चेन सुटणे म्हणजे गुडघा किंवा दात गमावणे होय, आणि तिथे काटकसर शहाणपणाची नव्हे.

रस्त्यावरची कसोटी

दुरुस्तीनंतरची परीक्षा तीन टप्प्यांत घ्यावी. पहिली गल्लीत : कमी वेगाने, प्रत्येक गिअरवर, पुढचा ब्रेक किंचित दाबून धरून आणि पायंडलावर जोर देऊन पाहावे की चेन कुठे उडी मारते. दुसरी गुळगुळीत रस्त्यावर, कारण खड्ड्यांच्या रस्त्यावर लहानसहान डुगडुग खड्ड्यांच्याच नावावर खपून जाते. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर सलग अंथरून विक्रम करण्यात आला; त्या महामार्गावरील अवजड वाहनांच्या गर्दीत मात्र प्रयोग न करता, तसाच एखादा सपाट पण कमी वर्दळीचा रस्ता निवडावा, आणि पुरेसा वेग आल्यावर पायंडल थांबवून हँडलवरची पकड किंचित सैल करावी, हात मात्र सोडू नयेत. थरथर वेगाबरोबर वाढत गेली तर दोष चाकात किंवा हेडसेटमध्ये अजून शिल्लक आहे.

तिसरी परीक्षा चढ-उताराची. अकोल्याच्या सायकलस्वाराला पातूरचा घाट किंवा अकोटकडून नरनाळ्याचा रस्ता आहे, अमरावतीकराला परतवाड्याहून वर चढणारा चिखलदऱ्याचा रस्ता आहे. सुमारे १,११८ मीटर उंचीवरच्या त्या गावाहून खाली उतरताना ब्रेकची रबरे आणि रिंगेच्या कडा यांची जी परीक्षा होते, तीत नापास झालेल्याला दुसरी संधी मिळेलच असे नाही. म्हणून या टप्प्यापूर्वी रिंगेची ब्रेक लागणारी कड बोटाने चाचपावी, आणि ती आत खोलगट लागली तर घाटाचा बेत रिंग बदलेपर्यंत लांबणीवर टाकावा. उतारावर सायकल अकस्मात थरथरू लागलीच, तर हँडल आवळून धरू नये. दोन्ही गुडघे वरच्या नळीला टेकवून, मागचा ब्रेक हळूहळू लावीत वेग कमी करावा.

शेवटी नोंदीविषयी. एका साध्या वहीत तारीख, चेनीचे माप, बदललेला भाग आणि त्याचे कारण एवढे चार रकाने आखावेत, आणि वर्षातून दोनदा, मृग लागण्यापूर्वी आणि दसऱ्यानंतर चिखल वाळला म्हणजे, वरील तपासणी क्रमवार करून ते भरावेत. दोन-तीन वर्षांच्या नोंदी साचल्या की आपली सायकल कोणत्या ऋतूत, कोणत्या रस्त्यावर आणि कुठल्या भागात झिजते हे कागदावरच वाचता येते. त्यानंतर चेन अर्ध्या सुताच्या खुणेला पोहोचण्याच्या सुमारास नवी चेन घरात तयार ठेवणे, एवढीच मालकाची जबाबदारी उरते.